शतावरी कल्प म्हणजे नुसती शतावरी नव्हे

बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरी कल्प देतात, हे सातारा-सांगलीकडच्या घरांत कुणाला सांगायला नको. गोंधळ होतो तो पुढे. तोच डबा पाळी जायच्या वयातली बाई कोरडेपणासाठी घेते, दुसरी अंगावरून पांढरं जातं म्हणून, तिसरी इच्छाच होत नाही म्हणून, आणि तिघी म्हणतात, "मी शतावरी घेतेय." तुम्ही बहुतेक साखर घेताय, बाई.

चूर्ण म्हणजे वाळलेल्या मुळांची नुसती पूड, फिकट पिवळसर. कल्प म्हणजे शतावरीचा रस किंवा काढा साखरेत आटवून केलेले दाणे, वर वेलची-केशर. हे चवीवरूनच कळतं. खरी मेख प्रमाणात आहे, आणि डब्यामागचा तो बारीक मजकूर कुणी वाचत नाही.

चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. डब्यावर "10 ग्रॅममध्ये शतावरी चूर्ण 1 ग्रॅम, बाकी साखर" असं असेल, तर 3 ग्रॅम शतावरीसाठी 30 ग्रॅम कल्प खावा लागेल, म्हणजे जवळपास 27 ग्रॅम साखर, पाच चमच्यांहून जास्त. "चूर्ण" ऐवजी "अर्क" लिहिलं असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, कारण अर्काचा एक ग्रॅम म्हणजे चुर्णाचा एक ग्रॅम नव्हे. "शुगर फ्री" पाहून लगेच हुरळू नका. घटकांत माल्टोडेक्सट्रिन असेल तर तेही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखरेवर बोलणं जिवावर येतं, पण इलाज नाही.

कारण मधुमेह असलेल्या बाईला हाच गोंधळ भोवतो. रक्तातली साखर वाढलेली राहिली की योनीत बुरशीचा संसर्ग वारंवार होतो: दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव, खाज, आग, संबंधांच्या वेळी दुखणं. त्यावर उपाय म्हणून ती रोज चमचे भरभरून कल्प घेते, आणि दुखण्यालाच खतपाणी मिळतं. बुरशीला औषध लागतं, शतावरी नव्हे. त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सरासरी किती होती ते सांगणारी चाचणी, तपासून घ्या. पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारं तार सुटणारं, बिनवासाचं, खाज नसलेलं पांढरं हा आजारच नाही. मासळीसारखा वास किंवा हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञ.

कोरडेपणाचं मूळ बहुतेकदा इस्ट्रोजेन कमी होण्यात असतं. तिथे पाण्याचा बेस असलेलं वंगण, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम, हे कल्पापेक्षा कितीतरी भरवशाचं. खोबरेल नको, निदान कंडोम वापरत असाल तर; तेलाने लॅटेक्स फाटतो. शतावरीचा लेप आत लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इच्छा नसेल तर आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, मनावरचा ताण आणि चालू असलेल्या गोळ्या बघा. इच्छा वाढते असा भक्कम पुरावा ना चुर्णाच्या बाजूने आहे ना कल्पाच्या.

एवढं सगळं कळूनही शतावरी घ्यायचीच असेल तर चूर्ण घ्या. 3 ग्रॅम चूर्ण आधी दोन चमचे गार दुधात कालवा. थेट गरम दुधात टाकलं की गुठळ्या होतात. मग एक कप दूध आणि एक कप पाणी घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत उकळा. गोडाला काही घालायचं नाही, तोच तर मुद्दा आहे. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्ण आणि कल्प दोन्ही नकोत.

काष्ठौषधींच्या दुकानातून एका वेळी 100 ग्रॅमच आणा. चूर्ण ओल पटकन धरतं. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात सैल झाकणाच्या बरणीत त्याचे गोळे होतात. कुबट वास आला की फेकून द्या, चाळून वापरू नका.