क्वांटम पदार्थांचे सूक्ष्म विद्युत् मापन

अतिसंवाहक (ज्यांचा विद्युत् रोध थंडीत शून्य होतो), टोपॉलॉजिकल विसंवाहक (जे आतून वीज अडवतात, पण पृष्ठभागावरून वाहू देतात), पिळून रचलेले ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पत्र्याचे, थर अशा पदार्थांत इलेक्ट्रॉनांची क्वांटम वागणूक थेट विद्युत् गुणांत उतरते. ती वाचण्यासाठी कित्येकदा व्होल्टच्या अब्जाव्या भागाइतके, म्हणजे नॅनोव्होल्टमधले, संकेत टिपावे लागतात.

जळगावच्या सराफ बाजारात सोने काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलतात, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही शेवटचा आकडा हलतो. इथे वाऱ्याच्या जागी तारांचा रोध, उष्णता आणि विजेची गुणगुण असते. यंत्राच्या किमतीपेक्षा या तीन गोष्टी आवरण्यावरच मापनाचा कस लागतो.

तारांचा रोध टाळायला चार अग्रांची पद्धत वापरतात. पदव्युत्तर भौतिकीच्या विद्यार्थ्यांना ती जर्मेनियमच्या चकतीवरच्या प्रयोगामुळे ओळखीची असते. तिळाएवढ्या स्फटिकावर सूक्ष्मदर्शकाखाली चांदीच्या लेपाचे चार ठिपके देऊन त्यांत केसाहून बारीक, सुमारे २५ मायक्रॉन जाडीच्या सोन्याच्या तारा बसवतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचे. आतल्या तारांतून प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून त्यांचा रोध आकड्यात मिसळत नाही. दोनच तारा असत्या, तर अतिसंवाहकाचा शून्य रोध त्या तारांच्या काही ओहमांखाली झाकला गेला असता.

उष्णतेमुळे प्रत्येक रोधात इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालू असते. तिला जॉन्सन गोंगाट म्हणतात. १९२८ पासून ती ज्ञात आहे. तिचे व्होल्टेज निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून केल्व्हिनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की ते ३१८ केल्व्हिन झाले. द्रवरूप हेलियम ४.२ केल्व्हिनला उकळते. तोच रोध त्या थंडीत ठेवला, तर गोंगाट सुमारे नऊ पटींनी उतरतो. मात्र पदार्थ थंड करण्याचे खरे कारण दुसरेच आहे : बहुतेक क्वांटम गुण त्या थंडीतच प्रकटतात. नेदरलँड्समधल्या लायडनला भौतिकशास्त्रज्ञ कामर्लिंग ओनेस यांनी १९११ मध्ये पाऱ्याची अतिसंवाहकता याच तापमानाजवळ पाहिली. पिळलेल्या ग्राफीनची २०१८ मध्ये कळलेली अतिसंवाहकता तर १.७ केल्व्हिनपर्यंत उतरल्यावर दिसली.

तिसरा शत्रू म्हणजे वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची, सेकंदाला ५० आवर्तनांची, गुणगुण. शेतातल्या पंपांपासून घरातल्या ट्यूबलाइटपर्यंत सगळीकडे तोच सूर असतो. लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर हे यंत्र नमुन्याला स्वतःच्या ठरावीक सुरात, समजा १३.७ हर्ट्झने, प्रवाह देते आणि परत येणाऱ्या संकेतातून नेमका तोच सूर व तीच कला (लहरीची चढउताराची वेळ) उचलते. भरल्या बाजारात आपल्या माणसाची हाक ओळखावी तसे हे आहे. वारंवारता ५० व तिच्या पटींपासून दूर निवडतात. निवडलेल्या वारंवारतांची पट्टी जितकी अरुंद, तितका गोंगाट कमी. पण प्रत्येक बिंदूसाठी तितकेच जास्त थांबावे लागते.

चुंबकीय गुणांसाठी जोसेफसन जोडांवर (दोन अतिसंवाहकांमधल्या अतिपातळ अडथळ्यांवर) आधारलेले स्क्विड हे अतिसंवेदी चुंबकमापक, तर पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन पाहायला बोगदा-प्रवाहाचा सूक्ष्मदर्शक (टोकदार सुई आणि पृष्ठभाग यांतल्या फटीतून झिरपणारा प्रवाह मोजणारा) वापरतात.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे संकेत मोठा दिसावा म्हणून प्रवाह वाढवणे. त्या प्रवाहाने स्फटिकच तापतो आणि तापमापकाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण तो शेजारच्या तांबे धातूच्या तुकड्यावर बसलेला असतो. म्हणून प्रवाह निम्मा करून पुन्हा मोजतात. रोध तोच आला, तरच आकडा वहीत लिहितात.