आगमनकाळाची आशा आली कुठून?

नाताळाआधीच्या चार रविवारांना मराठी ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात. पहिल्या रविवारी चर्चमध्ये गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत भेटतील अशा अपेक्षेने कुणी गेलं तर बुचकळ्यात पडतं. कॅथलिक वाचनक्रमात त्या दिवशी शुभवर्तमानातून कधी नोहाचा जलप्रलय येतो, कधी सूर्य-चंद्रावरची चिन्हं आणि समुद्राची गर्जना. ‘जागे राहा’ हा इशारा तर दरवर्षी. आगमनकाळाच्या वाचनांत यशया संदेष्टाही असतो. ‘माझ्या लोकांचे सांत्वन करा’ हे त्याच्या पुस्तकातले शब्द इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बंदिवासात खितपत पडलेल्या यहुदी लोकांसाठी आहेत. घरदार, मंदिर, राजा, सगळं गमावलेल्या लोकांसाठी.

सुरुवातीला हा सणाच्या तयारीपेक्षा उपासाचाच काळ होता. ३८० साली स्पेनमधल्या झारागोझा इथल्या धर्मसभेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत कुणी चर्चला गैरहजर राहू नये असा नियम केला. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या तूर इथे ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास ठरला. या काळात धर्मगुरूच्या अंगावर असणारा जांभळा झगा ही त्या प्रायश्चित्ताचीच खूण.

रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांचं आगमनकाळातलं एक प्रवचन आजही उपलब्ध आहे. काळ ५९०च्या आसपासचा. ५८९मध्ये टायबर नदीला महापूर आला, पाठोपाठ प्लेग, आणि त्यात ग्रेगरींच्या आधीचे पोपही गेले. ग्रेगरी श्रोत्यांना सांगतात की परवाच्याच वादळात जुनी झाडं उन्मळली, घरं पडली, चर्चं पायापासून उखडली, हे तुम्ही पाहिलंत. आणि पुढे म्हणतात, माना वर करा, सुटका जवळ आली आहे. आजच्या कानांना हे जरा निर्दयच वाटेल. पण प्रेतं उचलून थकलेल्या शहरात ‘सगळं ठीक होईल’ म्हणण्यापेक्षा ते प्रामाणिक होतं, असं मला वाटतं.

पुढची मोठी पायरी हॅम्बुर्गची. योहान हिन्‌रिख विखेर्न हा तरुण प्रोटेस्टंट शिक्षक रविवारच्या शाळेच्या निमित्ताने तिथल्या गरीब वस्त्यांत घरोघर फिरला. बंदराच्या श्रीमंत शहरातली ती उपाशी, टाकून दिल्यासारखी मुलं पाहून १८३३मध्ये त्याने शहराबाहेर हॉर्न इथे ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढली. मुलांना एका मोठ्या दालनात न कोंबता, लहान घरांतून कुटुंबासारखं ठेवायचं, ही त्याची पद्धत.

नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारून भंडावत. म्हणून १८३९ साली विखेर्नने गाडीचं लाकडी चाक प्रार्थनेच्या खोलीत टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांसाठी छोट्या लाल. रोज एक पेटायची. त्या वर्षी १ डिसेंबर नेमका रविवारी होता, त्यामुळे महिनाभराचा हिशेब चाकावरच मांडला गेला. हिरव्या फांद्या नंतर आल्या, मेणबत्त्या चारवर आल्या, आणि १९२०च्या दशकात जर्मनीतल्या कॅथलिक चर्चनीही ही प्रथा उचलली. आज वसईच्या किंवा मुंबईच्या चर्चमध्ये वेदीजवळ ठेवलेलं हिरवं कडं हे त्या चाकाचंच वंशज. 

याच जर्मनीत शंभरेक वर्षांनी आगमनकाळ तुरुंगात गेला. लुथरन पाळक डिट्रिख बॉनहॉफर एप्रिल १९४३पासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. त्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मित्राला लिहिलं ते असं : तुरुंगाची कोठडी आणि आगमनकाळ यांत बरंच साम्य आहे, माणूस वाट पाहतो, आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार बंद असतं आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येतं.

वर्षभराने त्याच तुरुंगात येशूसंघाचे (जेझुइट या कॅथलिक संघाचे) धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प होते. हिटलरविरोधी ‘क्रायसाउ’ गटाशी संबंध हा त्यांचा गुन्हा. बेड्या घातलेल्या हातांनी ते कागदाच्या कपट्यांवर आगमनकाळाचं चिंतन लिहीत, आणि धुवायच्या कपड्यांतून ते बाहेर जाई. आगमनकाळ म्हणजे माणसाला मुळापासून हादरवणारा काळ, हे त्यांचं सूत्र. ८ डिसेंबर १९४४ला त्यांनी तुरुंगातच संघाची अंतिम व्रतं घेतली. संघ सोडलात तर सुटाल, असं आमिष होतं. त्यांनी ते नाकारलं. निर्दोष सुटू, ही आशा मात्र त्यांनी बराच काळ धरली होती. जानेवारीत फाशीची शिक्षा झाली, २ फेब्रुवारी १९४५ला प्लॉट्झेन्झे इथे ती अमलात आली. बॉनहॉफरना एप्रिलमध्ये फ्लोसेनबुर्ग छळछावणीत फासावर चढवलं.

म्हणजे दोघांची सुटका झालीच नाही, आणि आगमनकाळाच्या वाचनांना हे अनोळखी नाही. तिसरा रविवार आनंदाचा. त्या दिवशी कड्यावरची गुलाबी मेणबत्ती लागते. दर तीन वर्षांनी त्याच रविवारी तुरुंगातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा प्रसंग वाचतात. येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची, असं तो शिष्यांकरवी येशूला विचारतो. येशू निरोप पाठवतो : आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. योहानाच्या सुटकेबद्दल त्यात अवाक्षर नाही.