फाइल उघडायच्या खिडकीत कोण कोण शिरतं?

तुम्ही लिहिलेला विंडोजचा प्रोग्राम दिवसभर नीट चालतो आणि फाइल उघडायला ‘ओपन’ दाबलं की क्रॅश. तेही एकाच ग्राहकाकडे. मग सल्ले सुरू होतात: विंडोज नव्याने टाका, विंडोजच्या सेटिंग्जची साफसफाई करणारा रजिस्ट्री क्लीनर फिरवा. क्लीनर म्हणजे संगणकाला लावलेला अंगारा!

त्या खिडकीतली फायलींची यादी म्हणजे विंडोजच्या फाइल एक्सप्लोररचाच तुकडा, आणि तो चालतो तुमच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे तुमच्या चालू प्रोग्रामच्याच मेमरीत. त्याच्या मागोमाग शेल एक्स्टेन्शन्स, म्हणजे एक्सप्लोररला जोडलेले छोटे प्रोग्राम, शिरतात: क्लाउडवर फाइल चढल्याची हिरवी खूण दाखवणारं, व्हिडिओचं थंबनेल काढणारं, राइट-क्लिकच्या मेन्यूत ‘झिप करा’ घुसवणारं. प्रत्येक म्हणजे कुणा परक्याची डीएलएल, दुसऱ्या प्रोग्राममध्ये चढणारी कोडची फाइल. तिने मेमरीत भलत्या पत्त्यावर लिहिलं, की विंडोज अख्खी प्रोसेस मारते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग तीच डीएलएल एक्सप्लोररमध्ये निमूट कशी चालते? कधी कारण साधं असतं: ३२ बिटच्या प्रोग्राममध्ये तिची ३२ बिटची प्रत शिरते, एक्सप्लोररमध्ये ६४ बिटची. दुसरं कारण मात्र फार सुंदर आहे. दशांश संख्येला शून्याने भागलं तर प्रोसेसरने अपवाद, म्हणजे चूक झाल्याची वर्दी, उठवायचा, की गुपचूप ‘अनंत’ हे उत्तर देऊन पुढे जायचं, हे प्रोसेसरच्या कंट्रोल वर्ड नावाच्या सेटिंगमधले काही बिट ठरवतात. सी++ मध्ये लिहिलेल्या बहुतेक डीएलएल गुपचूप पद्धत गृहीत धरतात. डेल्फी या प्रोग्रामिंग साधनाच्या जुन्या आवृत्त्या मात्र अपवाद चालू ठेवतात. म्हणजे थंबनेलची रुंदी शून्य निघाली तर एक्सप्लोररला पत्ताही लागत नाही, तुमचा प्रोग्राम मात्र आडवा. उपाय दोन ओळींचा: खिडकी उघडण्याआधी डेल्फीच्या सेट-एक्सेप्शन-मास्क या फंक्शनने सगळे अपवाद झाका, बंद झाल्यावर जुना मास्क परत लावा.

परक्यावर खापर फोडण्याआधी आपलं घर तपासा. ही खिडकी उघडणाऱ्या गेट-ओपन-फाइल-नेम या जुन्या फंक्शनमध्ये फिल्टरच्या, म्हणजे फाइल-प्रकारांच्या यादीच्या, शेवटी दोन शून्यं लागतात. एकच असेल तर वाचन पुढच्या मेमरीत घुसतं. फाइलनावासाठी राखलेल्या मेमरीचं, म्हणजे बफरचं, पहिलं अक्षर शून्य करायला विसरलात तर आतला कचराच नाव म्हणून वाचला जातो. डॉटनेटमध्ये प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेन फंक्शनवर एसटीए-थ्रेड ही खूण हवीच.

मग ग्राहकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे क्रॅश कुठल्या फाइलमध्ये झाला, ते बघा. तिथे एनटीडीएलएल ही विंडोजचीच डीएलएल दिसली तर लगेच विश्वास ठेवू नका. अनेकदा हीप, म्हणजे प्रोग्रामची वापरायची मेमरी, आधीच कुणीतरी बिघडवलेला असतो, ती फक्त बोंब मारते. एक्स्टेन्शन्सची यादी दाखवणाऱ्या शेलएक्सव्ह्यू या साधनात मायक्रोसॉफ्टची सोडून बाकी सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा, मग निम्मी-निम्मी चालू करत जा. चाळीस असली तरी सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर यादीही ३२ बिटवाल्यांचीच बघा, नाहीतर सहाही फेऱ्या फुकट.