कॉलर आयडी यंत्र

घरच्या दूरध्वनीवर येणाऱ्या कॉलचा क्रमांक, आणि जेथे तशी सोय असेल तेथे कॉल करणाऱ्याचे नाव, रिसीव्हर उचलण्यापूर्वीच पडद्यावर दाखवणारे उपकरण. ते वेगळ्या पेटीच्या रूपात असते किंवा दूरध्वनी संचातच बसवलेले असते. क्रमांक हुडकून काढण्याचे काम यंत्राकडे नसते. दूरध्वनी केंद्र तो लाइनवरून पाठवते आणि यंत्र फक्त वाचते. त्यामुळे केंद्राकडून सेवा चालू करून घेतल्याखेरीज यंत्राचा उपयोग नाही, आणि पडदा कोरा राहिला तर दोष बहुधा यंत्राचा नसतो.

उगमाचा वाद : हे यंत्र प्रथम कोणी तयार केले याविषयी एकमत नाही. कॉल करणाऱ्याचा क्रमांक केंद्राला कळणे ही जुनीच गोष्ट आहे. दूर अंतराच्या कॉलचे बिल आकारण्यासाठी तशी व्यवस्था करावीच लागत असे. वाद आहे तो हा क्रमांक ग्राहकाच्या घरापर्यंत नेण्याच्या श्रेयाचा. ग्रीक वंशाचे अभियंते थिओडोर पारास्केवाकोस यांनी १९६८ च्या सुमारास या कामाला हात घातला असे सामान्यतः सांगितले जाते. पाठवणारा व घेणारा असे दोन भाग असलेल्या त्यांच्या यंत्रणेला अमेरिकेत १९७३ व १९७४ मध्ये पेटंटे मिळाली. जपानचे काझुओ हाशिमोतो यांचे नाव दूरध्वनी उत्तरयंत्राशी, म्हणजे कोणी न उचललेल्या कॉलचा निरोप नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राशी, अधिक जोडले जाते. मात्र क्रमांक दाखवणाऱ्या यंत्राचा नमुनाही त्यांनी १९७६ मध्ये केला होता आणि त्याचे अमेरिकी पेटंट १९८० मध्ये मंजूर झाले. ब्राझीलमध्ये या यंत्राला ‘बीना’ म्हणतात. तेथील तंत्रज्ञ नेलिओ जोझे निकोलाय यांनी त्याच्या शोधावर हक्क सांगितला, आणि हा दावा पुढे बरीच वर्षे न्यायालयात लढला गेला.

यांपैकी कोणालाही आद्य म्हणताना आधी एक भेद करावा लागतो. क्रमांक आकड्यांत दाखवणारी पेटी घडवणे हे एक काम. तो क्रमांक चालू दूरध्वनी जाळ्यातून, घंटीत व्यत्यय न आणता आणि कॉल करणाऱ्याला काही जोडायला न लावता पोचवणे हे दुसरे. पहिल्या अर्थाने पारास्केवाकोस यांचा अग्रक्रम मान्य करण्यास फारशी हरकत नसावी. दुसऱ्या अर्थाने, म्हणजे पुढे उत्तर अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीपुरते पाहिले तर, बेल प्रयोगशाळेतील कॅरोलिन डाउटी यांचे १९८५ चे पेटंट जास्त जवळचे ठरते. दोन घंट्यांच्या मधल्या शांततेत केंद्राने निरोप पाठवण्याची पद्धत त्यात मांडलेली आहे. निकोलाय यांच्या दाव्याचा या परंपरेशी थेट धागा जोडणे अवघड दिसते, कारण ब्राझीलमधील संदेशाची पद्धत मुळातच वेगळी आहे.

या सर्वांहून निर्णायक गोष्ट ग्राहकाला न दिसणारी होती. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे कॉलसोबत क्रमांकही जाण्यासाठी संकेतांचा स्वतंत्र मार्ग लागतो. सिग्नलिंग सिस्टिम सेव्हन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मार्गाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी १९८० मध्ये आल्या. पेट्या तयार असूनही सेवा इतकी लांबली, याचे मुख्य कारण हेच असावे. फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे १९८४ मध्ये आणि न्यू जर्सीतील हडसन परगण्यात १९८७ मध्ये चाचण्या झाल्या. पहिल्या व्यापारी सेवेचा मान सहसा टेनेसीतील मेम्फिसला, डिसेंबर १९८८ साठी, दिला जातो. परंतु न्यू जर्सीतील चाचणीचे रूपांतर त्याआधीच मर्यादित सेवेत झाले होते असे धरल्यास ही तारीख मागे सरकते. ब्रिटनमध्ये ही सेवा नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली.

संदेशाची रचना : उत्तर अमेरिकी पद्धतीत पहिली घंटी संपल्यावर, दुसरी वाजण्यापूर्वीच्या सुमारे चार सेकंदांत संदेश येतो. तो दोन स्वरांत बांधलेला असतो : १ साठी १,२०० हर्ट्झ आणि ० साठी २,२०० हर्ट्झ. वेग सेकंदाला १,२०० बिट. सुरुवातीला आलटूनपालटून ० आणि १ असे ३०० बिट यंत्राला जागे करतात, त्यापाठोपाठ १ चे १८० बिट जातात. मग संदेशाचा प्रकार, लांबी, महिना, तारीख, वेळ, क्रमांक आणि असल्यास नाव. अखेरीस पडताळणीचा एक बाइट येतो. तो धरून सर्व बाइटांची बेरीज केली आणि २५६ ने भागले तर बाकी शून्य उरावी लागते. एवढे सगळे पाऊण सेकंदाच्या आसपास उरकते. बेरीज जुळली नाही तर यंत्राला संदेश पुन्हा मागता येत नाही. ते चूक झाल्याची खूण दाखवून मोकळे होते. नावासाठी साधारण पंधरा अक्षरांची जागा असते, त्यामुळे लांब नावे तुटलेली दिसतात. क्रमांक नसेल तर त्याच्या जागी कारणाचे अक्षर येते : लपवलेला असल्यास पी, उपलब्ध नसल्यास ओ.

ब्रिटिश पद्धतीत घंटीच्या आधीच लाइनचे धन व ऋण टोक उलटवून इशारा दिला जातो आणि स्वर १,३०० व २,१०० हर्ट्झचे असतात. डेन्मार्क, स्वीडन, ब्राझील आदी देशांत व भारतातील अनेक केंद्रांतून क्रमांक डीटीएमएफ पद्धतीने, म्हणजे बटणे दाबल्यावर उमटणाऱ्या स्वरांतूनच पाठवला जातो. आरंभी ए किंवा डी, शेवटी सी. ही अक्षरे घरच्या संचाच्या बटणांवर नसतात. या संदेशात तारीख व वेळ नसते.

सोव्हिएत संघातील यंत्रे वेगळ्याच वाटेने गेली. तेथील घरगुती पेटी कॉल येताच गुपचूप लाइन उचले, केंद्राला ५०० हर्ट्झचा स्वर ऐकवून बिलासाठी ठेवलेली माहिती वदवून घेई आणि पलीकडच्या माणसाला खोटी घंटी ऐकवत राही. ग्राहकाने रिसीव्हर उचललेलाच नसे, पण केंद्राच्या लेखी कॉल जोडला गेलेला असे. इतर पद्धतींत यंत्र निमूट ऐकणारे असते. येथे ते चक्क विचारणा करते.

जोडणी व वापर : भिंतीवरील सॉकेटची तार पेटीच्या लाइन खाचेत आणि संचाची तार दुसऱ्या खाचेत बसवली की जोडणी झाली. खरी अडचण पद्धत जुळण्याची. दुसऱ्या देशातून आणलेली पेटी घंटीबरोबर उजळते, क्रमांक मात्र दाखवत नाही, कारण ती वेगळ्या स्वरांची वाट पाहत असते. काही यंत्रे एकाहून अधिक पद्धती ओळखतात, काहींत पद्धत निवडावी लागते. इंटरनेटवरील दूरध्वनीला जोडणाऱ्या अडॅप्टरमध्ये संदेश अडॅप्टरच नव्याने तयार करतो. म्हणून तेथे निवड अडॅप्टरच्या बाजूने करणे सोपे जाते. घड्याळ पहिल्या कॉलसरशी आपोआप लागते. डीटीएमएफ असल्यास हाताने लावावे लागते. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर त्याचे संकेत वेगळे काढणारी गाळणी (फिल्टर) यंत्राच्या आधी बसवावी. उत्तर अमेरिकी पद्धतीत पहिल्याच घंटीला रिसीव्हर उचलल्यास क्रमांक हुकतो, आणि उत्तरयंत्रही त्यामुळेच दुसऱ्या घंटीनंतर उचलेल असे लावतात. बोलणे चालू असताना येणाऱ्या दुसऱ्या कॉलचा क्रमांक दाखवण्यासाठी केंद्र २,१३० व २,७५० हर्ट्झचा जोडस्वर पाठवते. त्याला उत्तर देऊ शकणारेच यंत्र लागते. जुन्या पेट्या येथे उपयोगी पडत नाहीत.

गोपनीयता व विश्वासार्हता : क्रमांक उघड होण्याला अमेरिकेत प्रारंभी कडवा विरोध झाला. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही सेवा त्या राज्याच्या दूरध्वनी-टेहळणी कायद्याविरुद्ध ठरवली. कॅलिफोर्नियात ती १९९६ पर्यंत सुरू होऊ शकली नाही. क्रमांक लपवण्याची सोय मिळाल्यावर विरोध निवळला. अमेरिकेत त्यासाठी स्टार ६७, ब्रिटनमध्ये १४१ लावतात. पुढे प्रश्न उलटा झाला : दिसणारा क्रमांक खरा कशावरून? इंटरनेटवरून कॉल करताना हवा तो क्रमांक भरता येऊ लागला. फसवणुकीच्या हेतूने तसे करण्यावर अमेरिकेत २०१० च्या अखेरीस कायद्याने बंदी आली. क्रमांक खरा असल्याची ग्वाही देणारी अंकीय (डिजिटल) सही त्यावर करण्याची यंत्रणा तेथील मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत लागू करावी लागली. ती इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यांसाठी आहे. तांब्याच्या तारेवरून घरी येणाऱ्या संदेशात त्या सहीला जागा नाही, त्यामुळे जुन्या पेटीवर खरा आणि बनावट क्रमांक सारखाच दिसतो.