जपानला जाण्याआधी कानाची तयारी

टोकियोच्या स्टेशनात तुम्ही घरून पाठ करून आणलेलं वाक्य न अडखळता म्हणता: क्योतोची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते? कर्मचाऱ्याला प्रश्न कळतो, तो हसून उत्तर देतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. प्रश्न आपल्या तयारीतला असतो. उत्तर कोणत्या शब्दांत आणि किती वेगात येईल, ते आपल्या हातात नसतं. प्रवासापूर्वी जपानी शिकणारे बहुतेक जण बोलायची वाक्यं घोकतात. मला वाटतं, हाताशी दोन-तीन महिनेच असतील तर निम्म्याहून अधिक वेळ ऐकण्याला द्यावा. त्यामागे भक्कम संशोधन आहे.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये कॅनडात प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्याला फार जवळचा आहे, कारण त्यात हिंदीतले त आणि ट वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली 6 ते 8 महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. 10 ते 12 महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो ओळखता येईना. त्यांच्या कानांत दोष नव्हता. जो फरक भोवतालच्या भाषेत अर्थ बदलत नाही, त्याकडे मेंदू पहिल्याच वर्षात दुर्लक्ष करायला शिकतो. आपल्याला त-ट सहज कळतात, पण दुसऱ्या भाषेतल्या काही फरकांपुढे आपलेही कान असेच बंद झालेले असतात.

जपानीच्या बाबतीत मराठी माणसाला बरंच काही आयतं मिळतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आपण ‘टोकियोला’ म्हणताना ‘ला’ मागे जोडतो, तसा त्यांचा ‘नि’ नामाच्या मागे लागतो. ‘चमचा’मधला च आपल्या जिभेवर असल्यामुळे ‘त्सु’ जड जात नाही. ‘किते’ म्हणजे ये आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट, हा फरकही ‘पका’ आणि ‘पक्का’ वेगळे ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

घोळ होतो तो स्वरांच्या लांबीत. ‘ओजिसान’ म्हणजे काका किंवा मामा, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना ते काटेकोरपणे वेगळे ठेवत नाही. दिन-दीन, सुत-सूत अशा जोड्या भाषेत आहेत, तरी ऐकणारा अर्थ लावतो तो संदर्भावरून. म्हणून शाळेतली मुलं शुद्धलेखनात नेमकी इथे अडखळतात. ‘आ’चं तर आणखी अवघड. मराठीत अ आणि आ यांचे आवाजच निराळे आहेत. जपानीत आवाज तोच राहतो, फक्त लांबी बदलते. मावशी आणि आजी यांच्यासाठीचे दोन्ही जपानी शब्द देवनागरीत लिहायला गेलं तर वहीत ‘ओबासान’च उमटतं. त्यामुळे देवनागरीतून जपानी टिपून घेण्याची सवय मला घातक वाटते. हिरागाना या जपानी लिपीची मूळ 46 अक्षरं आधी शिकून घ्यावीत. त्या लिपीत आजीसाठी एक ‘आ’ जास्तीचा लिहावाच लागतो, आणि डोळ्यांना दिसलेला फरक कानही शोधू लागतो.

मोठ्या वयात बंद झालेला कान उघडतो का? बऱ्याच अंशी उघडतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात 1991 मध्ये जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतल्या र आणि ल यांचा सराव दिला गेला. शब्द ऐकायचा, दोनांपैकी एक निवडायचा, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचं. सुमारे 3 आठवड्यांत त्यांची ओळख स्पष्टपणे सुधारली. महत्त्वाची मेख अशी, की आवाज अनेक माणसांचे होते. 1993 मध्ये त्याच गटाने एकाच माणसाचा आवाज वापरून पाहिला, तेव्हा मिळवलेलं कौशल्य नव्या आवाजापुढे टिकलं नाही. एकाच शिक्षिकेचं किंवा ॲपमधल्या एकाच आवाजाचं जपानी छान समजणारा माणूस स्टेशनात गोंधळतो, त्याचं कारण हेच असावं. 1997 मधल्या पुढच्या अभ्यासात तर असंही दिसलं, की फक्त ऐकण्याचा सराव केलेल्यांचे उच्चारही सुधारले होते.

ऐकण्यात पहिला मान आकड्यांना द्यावा. फलाट, वेळ, किंमत, खोलीचा क्रमांक, सगळीकडे तेच भेटतात. 1 म्हणजे ‘इची’ आणि 7 म्हणजे ‘शिची’. गोंगाटात ते इतके सारखे वाटतात की जपानी लोक स्वतःच 7 साठी अनेकदा ‘नाना’ म्हणतात. पण सात वाजता म्हणायचं तर ‘शिचीजी’च येतं. 100 म्हणजे ‘ह्याकु’, मात्र 300 ‘सानब्याकु’ आणि 600 ‘रोप्प्याकु’. शिवाय मोठी मोजणी 10,000 च्या टप्प्याने होते. 10,000 म्हणजे एक ‘मान’, त्यामुळे 25,000 येन कानावर येतात ते ‘दोन मान पाच हजार’ असे. हे कागदावर सोपं वाटतं. उभ्या उभ्या ऐकून कळायला बराच सराव लागतो.

शब्द लक्षात ठेवायचे तर पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून पाहावं, आणि तेही एका बैठकीत न करता दिवसांचं अंतर ठेवून. अंतराचा फायदा हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवला होता.

पहिल्या पंधरवड्यात काहीच जमत नाही असं वाटून बरेच जण ऐकणं सोडून देतात. त्यांच्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठातला 2004 चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. नुकतंच फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांना खरे शब्द आणि फ्रेंचसारखे दिसणारे बनावट शब्द दाखवले. सरासरी 14 तासांच्या शिकवणीनंतर शब्द खरा की बनावट याची त्यांची उत्तरं जवळजवळ अंदाजपंचेच होती. त्याच वेळी डोक्यावर लावलेल्या विद्युतअग्रांनी (इलेक्ट्रोडनी) टिपलेला मेंदूचा प्रतिसाद मात्र खऱ्या आणि बनावट शब्दांसाठी वेगवेगळा येऊ लागला होता.