उंदराचा ११२, माणसाचा ७५ : फॉस्फो-बॅड अँटिबॉडीची पार्श्वभूमी

बॅड या प्रथिनाच्या साखळीत ठरावीक क्रमांकाच्या सेरीनवर (सेरीन हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट बसलंय का हे ओळखते ती फॉस्फो-बॅड अँटिबॉडी. तिची 'फॉस्फो-बॅड, सेरीन ११२' असं लेबल असलेली कुपी मागवली आणि सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत 'मानवी : सेरीन ७५' असं छापलेलं दिसलं, तर दोन्ही बरोबर आहे. जागा एकच, आकडे दोन.

बॅड हे पेशीमृत्यूकडे ढकलणारं प्रथिन १९९५ मध्ये सापडलं ते उंदराच्या जनुकावरून. पुढच्याच वर्षी दिसलं, की इंटरल्यूकिन-३ (पेशींना जगवणारा संकेत) मिळालेल्या पेशींत त्याच्या ११२ आणि १३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट बसतं, मग १४-३-३ नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि बॅड मायटोकाँड्रियापासून लांब राहतं. १९९७ मध्ये १३६ वर फॉस्फेट बसवणारा एन्झाइम म्हणून 'एकेटी' पुढे आला. १९९९ मध्ये ११२ साठी 'पीकेए' आणि 'आरएसके' या एन्झाइमांची नावं आली, आणि फॉस्फेट काढणारा म्हणून कॅल्सिन्यूरिनचं. २००० मध्ये १५५ ची भर पडली. ही जागा थेट बीएच-३ भागात आहे, म्हणजे बॅड ज्या भागाने बीसीएल-एक्सएल या पेशी वाचवणाऱ्या प्रथिनाला चिकटतं त्याच भागात.

सुरुवातीचं बरंच काम किरणोत्सारी फॉस्फरस-३२ वापरून झालं. फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीची कल्पना त्याआधीची. फॉस्फोटायरोसीनविरुद्धची (म्हणजे फॉस्फेट बसलेल्या टायरोसीन या अमिनो आम्लाविरुद्धची) पहिली अँटिबॉडी १९८१ ची. पण विशिष्ट प्रथिनाची विशिष्ट जागा ओळखायची, तर त्या जागेभोवतीचं दहा-पंधरा अमिनो आम्लांचं फॉस्फोपेप्टाइड (फॉस्फेट लावलेला प्रथिनाचा छोटा तुकडा) बनवून, टोकाला सिस्टीन लावून, ते केएलएच या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचावं लागतं. सशाच्या सीरममध्ये फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडला चिकटणाऱ्या अँटिबॉडीही असतात. म्हणून सीरम आधी साध्या पेप्टाइडच्या कॉलममधून काढायचं आणि जे न चिकटता खाली येतं ते फॉस्फोपेप्टाइडच्या कॉलमवर धरायचं. पहिली पायरी घाईत उरकली, की अँटिबॉडी एकूण बॅडच मोजते आणि वापरणाऱ्याला वाटतं फॉस्फोरिलेशन कधी बदलतच नाही. ११२ च्या बाबतीत आणखी एक मेख : तिथे दोन सेरीन शेजारीशेजारी आहेत आणि फॉस्फेट हवं ते दुसऱ्यावर.

आता आकड्यांकडे. उंदराचं बॅड २०४ अमिनो आम्लांचं, माणसाचं १६८ चं. उंदराच्या प्रथिनाची सुरुवातीची बाजू लांब, त्यामुळे उंदराच्या आकड्यातून ३७ वजा केले की माणसाचा आकडा मिळतो : ११२ चा ७५, १३६ चा ९९, १५५ चा ११८. पण हे सूत्रही शेवटपर्यंत टिकत नाही. पुढे मानवी साखळीत एक लायसीन जास्त आहे, म्हणून उंदराचा १७० माणसात १३४ होतो, फरक ३६.

मानवी पेशींवरच्या असंख्य लेखांत उंदराचेच आकडे तसेच वापरले गेले आणि कॅटलॉगनीही तेच लेबल ठेवलं. बाजू घेणारे म्हणतात, जुने निकाल शोधता यावेत म्हणून. हे कारण लंगडं आहे. मानवी बॅडमध्ये ११२ वर आर्जिनीन आहे, १३६ वर ग्लायसीन, १५५ वर ट्रिप्टोफॅन. तिन्ही ठिकाणी सेरीनच नाही. मानवी बॅडचं जनुक असलेल्या प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या गोल साखळीवर) 'एस ११२ ए' म्युटंट (११२ च्या सेरीनऐवजी ॲलानीन) करायला घेतलेल्या माणसाला हे प्रायमर (त्यासाठी लागणारा डीएनएचा तुकडा) लिहिताना कळतं, आणि ११८ ला ११२ चा टायपो समजणाऱ्याला कळतच नाही. दोन्ही आकडे सारख्या आकारात छापायला शाईचा खर्च कितीसा येतो?

ब्लॉटवर (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं पातळ पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने शोधतात, तो) मानवी बॅड हिशेबाप्रमाणे साधारण १८ किलोडाल्टनला यायला हवं, पण दिसतं २३ च्या आसपास. बँड वर आला म्हणजे अँटिबॉडी चुकीची, असं नाही. १२ ते १५ टक्क्यांचं जेल, ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन (तोच पडदा), त्यावरच्या मोकळ्या जागा अडवायला ५ टक्के बीएसए (गुरांच्या रक्तातलं अल्ब्युमिन; दूध नको, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे), अँटिबॉडी १:१००० ने रात्रभर ४ अंशांवर, असा नेहमीचा बेत. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) अनेक जण फक्त १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट घालतात आणि सिग्नल गेला म्हणून कुपीला दोष देतात. व्हॅनाडेट टायरोसीनवरचं फॉस्फेट वाचवतं. सेरीनसाठी ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवं. कॅल्सिन्यूरिन कॅल्शियमवर चालतो, म्हणून कॅल्शियम पकडणारं ईजीटीएही. सगळं बर्फावर, आणि पेशी खरवडण्याआधीच बफर तयार.

१३६ ची अँटिबॉडी जास्त छळते. त्या जागेभोवतीचा क्रम एकेटीच्या इतर लक्ष्यांसारखाच, त्यामुळे वर अनोळखी बँड येतात. शिवाय पेशीतलं मुळातलं बॅड कमी. बँड खरा की खोटा हे पाहायला लायसेटचा (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचा) एक भाग लॅम्डा फॉस्फेटेज या फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमसोबत ३० अंशांवर अर्धा तास ठेवायचा, मात्र तो भाग फॉस्फेटेज इन्हिबिटर (वरचे फ्लोराइड, व्हॅनाडेट वगैरे) न घालता बनवलेला हवा. फॉस्फो-बँड गेला पाहिजे आणि एकूण बॅडचा राहिला पाहिजे. मेम्ब्रेन आधी फॉस्फो-अँटिबॉडीने, मग धुऊन एकूण बॅडसाठी; उलट क्रमात कमकुवत सिग्नल धुण्यातच जातो.

२००३ नंतर बॅडचा संबंध ग्लुकोकायनेज या एन्झाइमशी आणि यकृतातल्या ग्लुकोजच्या वापराशी जोडला गेला, आणि त्यात १५५ ची जागा महत्त्वाची ठरली. सशाच्या रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलमुळे (जनुकावरून बनवलेली, दर वेळी तीच अँटिबॉडी) एका बॅचची अँटिबॉडी संपली की सगळं नव्याने ठरवण्याची कटकट कमी झाली. इम्युनोप्रेसिपिटेशनमधली (मण्यांवरच्या अँटिबॉडीने प्रथिन पकडून वेगळं काढण्यातली) अडचण मात्र जुनीच : अँटिबॉडीची हलकी साखळी २५ किलोडाल्टनला येते आणि २३ चं बॅड तिच्या डागाखाली झाकलं जातं. पकडणारी अँटिबॉडी मण्यांना रासायनिक बंधाने पक्की करायची, नाहीतर पकडायला सशाऐवजी दुसऱ्या प्राण्याची घ्यायची आणि ब्लॉटला फक्त सशाची अँटिबॉडी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून सिग्नल देणारी) वापरायची.