प्रार्थनापोथीवरचा मळ कसा मोजतात?

मध्ययुगीन युरोपातील भाविक प्रार्थना म्हणता म्हणता कोणत्या पानावर झोपी जात, हेही विज्ञानाने शोधले, अशा बातम्या मध्यंतरी झळकल्या होत्या. त्यांच्या मुळाशी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील कला-इतिहासकार कॅथरीन रूडी यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. त्यांनी तपासलेल्या हस्तलिखित प्रार्थनापोथ्यांत एका प्रार्थनेची फक्त सुरुवातीची पाने मळलेली आढळली, एवढेच निरीक्षण. झोप हा त्यावरचा तर्क आहे. मला स्वतःला त्यामागची मोजणी जास्त मोलाची वाटते.

पंधराव्या शतकातील नेदरलँड्समधल्या या सचित्र पोथ्या चर्मपत्राच्या, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेल्या जनावराच्या कातड्याच्या असत. वाचकाचे अंगठे समासाच्या खालच्या कोपऱ्यांवर टेकत आणि घाम व त्वचेच्या तेलासह धूळ, काजळी तिथे मुरत जाई. डेन्सिटोमीटर हे उपकरण अशा जागेवर प्रकाश टाकून त्यातला किती परत येतो ते पाहते. सगळा प्रकाश परतला तर घनता, म्हणजे गडदपणाचे माप, ०; एक दशांश परतला तर १, एक शतांश परतला तर २. म्हणजे परावर्तित अंशाच्या व्यस्ताचा दहाच्या पायावरील लघुगणक. परतणारा प्रकाश निम्मा झाला की घनता सुमारे ०.३० ने वाढते. मळाचा प्रत्येक थर उरलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा गिळतो असे मानले, तर प्रत्येक थरामागे घनतेत सारखीच भर पडते आणि कोऱ्या चर्मपत्राची घनता वजा करून मळाचा वाटा वेगळा काढता येतो. मात्र चर्मपत्राची केसांकडची बाजू मुळातच गडद असल्याने तुलना एकाच पोथीतील सारख्या बाजूंची करावी लागते, आणि आलेला आकडा म्हणजे पारायणांची संख्या नव्हे.

बाणांनी विंधलेल्या संत सेबास्टियनची प्रार्थना फार मळलेली आढळली, कारण प्लेगपासून तो वाचवतो अशी श्रद्धा होती. प्लेगचा जिवाणू पिसवांमार्फत पसरत असल्याने या पठणाचा त्याच्यावर परिणाम होण्याचे कारण नव्हते. मळातून भीतीची तीव्रता कळते, उपायाची परिणामकारकता नव्हे.

चित्रांपुढे मात्र हे उपकरण थिटे पडते, कारण तिथे रंगाची स्वतःची घनता असते आणि वारंवार चुंबन घेतल्याने रंग झिजतो. मिस्सा-ग्रंथातील, म्हणजे धर्मगुरूच्या उपासनाविधीच्या पोथीतील, क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र धर्मगुरू चुंबत, म्हणून ते वाचवण्यासाठी चित्रकार खालच्या समासात चुंबनासाठी वेगळा छोटा क्रूस रंगवीत. नेदरलँड्समधील हार्लेमच्या लिनन विणकरांच्या मिस्सा-ग्रंथात तसा क्रूस आहे. तरीही तिथली झीज चौकट ओलांडून वरच्या मुख्य चित्रापर्यंत गेलेली दिसते.